चाकणहून निघालेली पत्रं

चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात जा आणि बिनमधला एक साधा नग उचला. त्यावर कोरलेल्या कोडवरून तो कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर बनला हे सांगता येतं. आणखी मागे गेलात तर त्याचा हीट नंबर सापडतो, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचा नंबर. उद्या नाशिकला एखाद्या गाडीत तो नग तुटला, तर त्याच लॉटचे बाकीचे नग कोणत्या ट्रकने कोणाकडे गेले हे तासाभरात सांगता आलं पाहिजे. आमच्या धंद्यात याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. गेली बारा वर्षं मी याच कामाचं सॉफ्टवेअर लिहितो. दोन रुपयांच्या वॉशरचीही जन्मपत्रिका आमच्याकडे असते.

त्याच कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की दोन-तीनशे फोन खिशातून बाहेर येतात. त्यांवरचा मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशावरून लिहिला, हे तिथे कोणालाही सांगता येत नाही. कोणी विचारतही नाही. मजकूर आला, वाचला, रक्त तापलं, पुढे ढकलला.

ऑगस्ट जवळ आला की आमच्या भागात चाकणच्या किल्ल्याचा मजकूर फिरतो. किल्ला म्हणजे संग्रामदुर्ग, चाकण गावातला भुईकोट. गावाने त्याला इतकं वेढलंय की रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या निम्म्या लोकांना तो इथे आहे हेही ठाऊक नसतं. मजकुरातली मूळ हकीकत खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. २१ जून १६६० ला शायिस्ताखानाच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. सपाट जमिनीवरचा किल्ला, आत मूठभर माणसं, भर पावसाळा, तरी जवळजवळ दोन महिने तो हाती लागला नाही. १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांची २६८ माणसं मेली, ६०० जखमी झाली.

इथपर्यंत ठीक. मग शेवटी कोणीतरी एक ओळ जोडलेली असते, ‘यांना’ ओळखून असा, अशा अर्थाची. ‘यांना’ म्हणजे कोणाला हे लिहिलेलं नसतं, आणि ते लिहायची गरजही नसते. ग्रुपमध्ये पंचेचाळीस माणसं, त्यात मी एकटा. मजकूर टाकणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मी नसतोही. दुसऱ्या दिवशी तोच माझ्याकडे मोटरसायकलची चावी मागतो. पण शायिस्ताखानाचा जवाब मात्र मी द्यायचा असतो.

मजकुरातून काय गळतं ते सांगतो. किल्ला खाली करण्याची बोलणी झाली ती बुंदीच्या राव भावसिंग हाडाच्या मध्यस्थीने. हा राजपूत राजा शायिस्ताखानाच्या फौजेत होता, बाहेरच्या बाजूला. भावसिंग मजकुरात ठेवला तर शेवटची ओळ टिकत नाही. म्हणून भावसिंग जातो, ओळ राहते.

पण मला आज १६६० बद्दल लिहायचं नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी याच चाकणला एक वेढा पडला होता, दोन महिन्यांचाच. तो कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही. आणि संदेशांची ने-आण करणारं सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला तोच जास्त ओळखीचा वाटतो.

गोष्ट पंधराव्या शतकाच्या मध्याची, १४५० च्या आसपासची. बिदरला बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद गादीवर होता. त्याच्या दरबारात दोन तट होते. एक दखनी, म्हणजे इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान सरदार, आणि त्यांच्या बाजूने हबशी. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तान इकडून नशीब काढायला आलेले. त्यांना ‘गरीब’ही म्हणत, जुन्या अर्थाने, परका या अर्थाने. दोन्हींची भाषा वेगळी, बऱ्याच अंशी पंथही वेगळा, दखनी सुन्नी आणि आफाक्यांत शियांचा भरणा. मुख्य भांडण मात्र नोकरीचं. मोठी पदं कोणाला, हे.

मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी हा आफाक्यांचा पुढारी. सुलतानाने त्याला कोकण जिंकायला पाठवलं. त्याने चाकणला ठाणं केलं आणि इथून तुकड्या खाली पाठवायला सुरुवात केली. शिर्के घराण्यातला एक प्रमुख त्याच्या हाती लागला. त्याने त्याला धर्म बदल नाहीतर मर असं सांगितलं. शिर्के म्हणाला, मी तयार आहे, पण मग खेळण्याचा राजा मला हसेल, आधी त्याचा बंदोबस्त करू, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. दखनी आणि हबशी शिपायांपैकी बऱ्याच जणांनी त्या जंगलात शिरायला नकार दिला. खलफ हसन शिरला. दोन दिवस वाट सोपी होती, तिसऱ्या दिवशी सूर्य दिसेना. स्वतः सेनापती रक्ताच्या आवेने आजारी. रात्री शिर्क्याने खेळण्याला खबर दिली, हल्ला झाला, खलफ हसन आणि त्याच्याबरोबरची बरीचशी फौज त्या रानात मारली गेली.

वाचलेले आफाकी कसेबसे बाहेर आले. मागे थांबलेल्या दखनी सरदारांनी त्यांना सांगितलं, आपापल्या जहागिरींवर जा, सावरा, मग बघू. त्यांना ते पटलं नाही. त्यांना चाकणला परत यायचं होतं. तेवढ्यात त्यांच्यातले काही जण बोलून गेले की ऐन वेळी दखन्यांनी पाय मागे घेतला, हे आम्ही सुलतानाला कळवणार आहोत.

आता पुढचं नीट वाचा. हे बोलणं दखनी सरदारांच्या कानावर गेलं आणि आफाक्यांचं पत्र निघण्याआधी त्यांनी आपलं पत्र बिदरला रवाना केलं. त्यात लिहिलं की खलफ हसन आपल्या आडमुठेपणाने मेला, आणि उरलेले त्याचे लोक चाकणला जमून कोकणच्या राजांशी संधान बांधत आहेत. बिदरच्या दरबारात हे पत्र घेणारे त्यांचेच मित्र होते. त्यांनी सुलतान दारूत असतानाची वेळ बघून ते पुढे केलं. हुकूम सुटला, चाकणच्या लोकांना मारा.

चाकणहून आफाक्यांनीही अर्जावर अर्ज पाठवले. आम्ही राजनिष्ठ आहोत, आमचं ऐकून घ्या. ते सुलतानापर्यंत पोहोचलेच नाहीत. काही वाटेत पकडले गेले, काही दरबारातल्या माणसांनी दाबून ठेवले. चाकण ते बिदर चारशे किलोमीटरच्या वर अंतर. या अंतरात एक पत्र सुखरूप गेलं आणि बाकीची सगळी हरवली.

दोन महिने वेढा चालला. दखन्यांच्या लक्षात आलं की लढून हे आटोपणार नाही. मग त्यांनी शपथा घेतल्या, सुलतानाने माफी दिली असं सांगितलं, किल्ल्यातल्यांना बाहेर काढलं आणि मेजवानीला बोलावलं. त्या मेजवानीत कत्तल झाली. फेरिश्ता हा इतिहासकार बाराशे सय्यद, हजारभर इतर आफाकी आणि पाच-सहा हजार मुलं असा आकडा देतो. जुन्या बखरींतले आणि तवारिखांतले गोल आकडे मी जपूनच घेतो, पण माणसं मोठ्या संख्येने मेली याबद्दल वाद नाही. कासीम बेग नावाचा एक सरदार थोड्या साथीदारांसह दूर तळ देऊन होता, तो निसटला. पाठलाग चुकवत, लढत, बीडच्या जहागीरदाराच्या मदतीने तो बिदरला पोहोचला आणि सुलतानासमोर उभा राहिला. तेव्हा कुठे दुसरी बाजू दरबारात ऐकली गेली. अर्ज दाबणाऱ्या अधिकाऱ्याला सुलतानाने ठार केलं, कटवाल्यांची मालमत्ता जप्त केली. चाकणला उपयोग काय त्याचा?

मारणारे कलमा पढणारे, मरणारेही कलमा पढणारे. आजच्या भांडणाच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही, म्हणून ती फिरत नाही. आणि मला चौकटीत कुठे बसवायचं? आमच्या घरात दखनी बोलतात. अम्मी ‘नको’लाही ‘नक्को’ म्हणते. म्हणजे फोनवरच्या वादात मला ज्या बाहेरून आलेल्यांच्या खात्यात टाकतात, त्यांना या गावात ज्यांनी मारलं, त्यांची भाषा माझ्या घरातली. हा हिशेब मी कोणासाठी जुळवू?

धंद्याच्या नजरेने या हकिकतीकडे पाहिलं की एक गोष्ट दिसते. आपण अफवेला ‘खोटा मजकूर’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. पुण्यात मजकुराशी खेळण्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘ध’ चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातलं ‘धरावे’ आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं असं सांगतात. इतिहास म्हणून त्याचं काय व्हायचं ते होवो, पण आमच्या भाषेत हा मजकूर बदलण्याचा प्रकार आहे आणि त्याच्यावर इलाज सोपा आहे. पाठवताना मजकुरावरून एक आकडा काढायचा, पोहोचल्यावर पुन्हा काढायचा, जुळला नाही तर मजकूर फेकायचा. आज तुमच्या फोनवर प्रत्येक मेसेजमागे हे होतं. ‘ध’ चा ‘मा’ आता वाटेत करता येत नाही.

चाकणला मात्र एका अक्षराचाही ‘मा’ करावा लागला नाही. दखन्यांचं पत्र जसं लिहिलं तसंच पोहोचलं. बिघाड दुसऱ्याच ठिकाणी होता. ज्यांच्याबद्दल पत्र होतं, त्यांना ते दिसलं नाही. त्यांचं उत्तर पोहोचण्याची वाट बंद होती. आणि आपलं पत्र पोहोचलं नाही, हे त्यांना कळायलाही मार्ग नव्हता. सरकारी कचेरीत आपण अर्ज देतो तेव्हा पोच का मागतो? कारण अर्ज देणं आणि अर्ज पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकणच्या लोकांना दोन महिने पोच मिळाली नाही.

आणि एक अडचण मला या गोष्टीच्या आतच दिसते, ती सांगायलाच हवी. ही हकीकत आपल्याला सांगतो तो फेरिश्ता स्वतः कोण? जन्म इराणकडचा, कास्पियन समुद्राजवळच्या अस्त्राबादचा. लहानपणी अहमदनगरला आला, पुढे १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने ग्रंथ लिहिला, घटनेनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. म्हणजे तोही आफाकी. त्याच्या आधी लिहिणारा, बुर्हान-ए-मआसिरचा कर्ता सय्यद अली तबातबा, तोही बाहेरून आलेला. दखनी सरदारांची बाजू त्यांच्या शब्दांत कुठेही उरलेली नाही. जंगलात न शिरण्यात त्यांचा भित्रेपणा होता की शहाणपणा? खलफ हसनने त्यांचं ऐकलं असतं तर? बिदरला आफाक्यांची पत्रं अडली, आणि आपल्यापर्यंत दखन्यांची.

जुन्या मुस्लिम विद्वानांनी या अडचणीवर एक पद्धत काढली होती. पैगंबरांचं कुठलंही वचन सांगायचं तर आधी साखळी सांगायची. मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, त्याने फलाण्याकडून. या साखळीला इस्नाद म्हणतात. साखळीतला एकेक माणूस तपासायचा. त्याची स्मरणशक्ती कशी, तो ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटणं शक्य होतं का, दोघांचे काळ जुळतात का. त्यासाठी हजारो निवेदकांची चरित्रं गोळा झाली. एक कडी गायब असली तरी वचनाचा दर्जा खाली येतो. मदरशात हे शिकून आलेले आमचे लोक घरी येऊन फोनवरचा बिनसाखळीचा मजकूर तितक्याच तत्परतेने पुढे ढकलतात, हेही तितकंच खरं. १७ मार्च २०२५ ला नागपुरात काय झालं? औरंगजेबाच्या कबरीवरून निदर्शनं झाली, आणि आयती लिहिलेली चादर जाळली अशी बातमी फोनांवरून पसरली. मुख्यमंत्र्यांनी पुढे विधानसभेत ती अफवा असल्याचं सांगितलं. तोवर दगडफेक, जाळपोळ होऊन गेली होती आणि त्या हिंसाचारात एकाचा जीवही गेला. तिथे साखळी विचारायची जबाबदारी आमची होती.

इंटरनेटवरच्या ढकलाढकलीला सुरुवातीला साखळी होती. दोन हजार सालानंतरची ती ‘दहा जणांना पाठवा’वाली ईमेल आठवते का? मजकुराच्या वर पाच-पन्नास माणसांची नावं, तारखा, वेळा, प्रत्येकाचा पत्ता. वाचायला वैताग यायचा, पण ती एक ओबडधोबड इस्नादच होती. व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि फॉरवर्ड केल्यावर मूळ पाठवणाऱ्याचं नाव गळालं. तुमच्यापर्यंत मजकूर येतो तो तुमच्या मेहुण्याच्या नावाने. टेलिग्रामने वेगळा निर्णय घेतला, त्यात मूळ पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, त्याने लपवलं नसेल तर. दोन्ही प्रोग्रामरांनीच ठरवलेल्या गोष्टी. कुठल्या तरी मीटिंगमध्ये अर्ध्या तासात ठरल्या असतील.

२ जून २०१४ च्या रात्री हडपसरला मोहसीन शेखला मारलं. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आली होती, त्यावरून शहरात दोन दिवस तणाव होता. मोहसीन सोलापूरकडचा, पुण्यात आयटीची नोकरी करणारा. नमाज पढून घरी परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. म्हणजे वाट काय झाली पाहा. चित्रं कोणी केली ते कोणाला माहीत नाही, ती फिरली, आणि ज्याच्यावर येऊन पडली त्याला उत्तर द्यायला एक मिनिटही मिळालं नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष सुटका केली. माझ्या वयाच्या, माझ्या धंद्यातल्या, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक मुसलमान मुलाच्या घरी त्या आठवड्यात एकच बोलणं झालं असेल. दाढी, टोपी, रात्रीची पाळी. आमच्या अब्बांनी मला महिनाभर शेवटच्या बसने येऊ दिलं नाही.

चार वर्षांनी हेच दुसऱ्यांवर आलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. ती मंगळवेढ्याकडची माणसं होती, हिंदू, भटकी, आणि गावाला अनोळखी. आफाकी म्हणा हवं तर.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पावलं उचलली. फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. फोटो-व्हिडिओशेजारचं चटकन पुढे पाठवायचं बटण काढलं. पाचाची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या अफवा वाढल्यावर, जो मजकूर आधीच खूपदा फिरलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. कंपनीने सांगितलं की तसे मजकूर फिरण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटलं. आकडा कंपनीचा आहे, तेवढा सावधपणा ठेवून घ्या. पण मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. मजकूर खरा की खोटा हे कोणी ठरवलं नाही. वाचलाही नाही कोणी. फक्त अंगठ्याला एक पायरी जास्त चढायला लावली, आणि बऱ्याच लोकांनी ती चढायचा कंटाळा केला. इतक्या कंटाळ्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

सरकारची पद्धत वेगळी असते. ३० जुलै २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बसगाड्या पेटल्या. त्यानंतर ९ ऑगस्टच्या बंदच्या दिवशी खबरदारी म्हणून पुणे जिल्ह्याच्या सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवलं. चाकण ज्यात येतं तो खेड तालुका त्यात होता. अफवा थांबली, हे मान्य. पण तिचं खंडन करणारा मेसेजही थांबला. आफाक्यांचे अर्ज अडवणं आणि हे, यात हेतूचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंद वाट मात्र दोन्हीकडे बंदच.

मग लोक मला विचारतात, तू नट-बोल्टची जन्मपत्रिका काढतोस, मेसेजची का नाही? २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम केला तो जवळजवळ हाच. मजकूर देशात पहिल्यांदा कोणी टाकला ते मागितल्यावर सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. माझ्या ओळखीतल्या प्रोग्रामरांत यावर कडाक्याचं भांडण झालंय, आणि मी नियमाच्या विरोधातल्या बाजूला आहे. एक तर नग आणि मजकूर यांत फरक आहे. नगाची नक्कल होत नाही. मजकूर कॉपी करून नव्याने टाकला की नवा जन्म, स्क्रीनशॉट काढला की आणखी एक. पहिला टाकणारा म्हणून सापडेल तो बहुधा कोणीतरी मधलाच.

दुसरं कारण पुण्यातच घडलंय. नोव्हेंबर २००६ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारी कम्युनिटी निघाली आणि पुण्यात दंगा झाला, सायबर कॅफे फुटले. पोलिसांनी माग काढला. आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीने एका ग्राहकाचं नाव दिलं. ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला घरातून उचलून पुण्याला आणलं. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. मग कळलं की कंपनीने चुकीच्या माणसाचं नाव दिलं होतं. त्याने ते पान पाहिलंही नव्हतं. आमच्याकडे लॉट नंबर चुकला तर फार तर एक ट्रक माल परत येतो.

तो अभियंता हिंदू होता. त्याच्या जागी शेख, खान, मुल्ला असतं तर पन्नास दिवसांनी सुटका झाली असती का, याची मी पैज लावणार नाही.

म्हणून मला उगम शोधणारं यंत्र नको, परतीची वाट रुंद हवी. ज्याच्याबद्दल मजकूर आहे त्याला तो दिसावा, आणि त्याचं उत्तर तितक्याच लोकांपर्यंत, तितक्याच सहज जावं. आज ते होत नाही. मजकूर पन्नास ग्रुपमध्ये जातो, खुलासा एका ग्रुपमध्ये राहतो, कारण खुलासा पुढे ढकलावासा कोणाला वाटत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. खुलासा जोडला की तो मूळ मजकुराच्या मागोमाग जाईल अशी रचना, फोनमधलं काही न उघडता, कशी करता येईल यावर मी रविवारचे बरेच तास घालवलेत. दोन रचना कागदावर आहेत. दोन्हींत भोकं आहेत, आणि मोठं भोक हेच की खुलासाही खोटा असू शकतो.

तोवर मी हाताने करतो. संग्रामदुर्गाचा मजकूर आला की ग्रुपवर वाद घालत नाही, टाकणाऱ्याला वेगळा मेसेज करतो. भावसिंग हाडाचं नाव, वेढ्याच्या तारखा, आणि १४५० ची गोष्ट पाच ओळींत. बहुतेक जण अंगठा दाखवतात. दोघांनी माझा नंबर ब्लॉक केला. स्टोअरमधले एक काका, खेडकडचे, शेती सांभाळून नोकरी करतात, ते मात्र दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन समोर बसले.

“म्हणजे शेखभाऊ, आपल्या किल्ल्यात आधी तुमच्याच लोकांनी तुमचेच लोक मारले?”

“काका, मारणारे दखनी. इथलेच. तुमच्या-माझ्यासारखे.”

त्यांनी भाकरी मोडली. “आणि ते कागद वाटेत अडवले?”

“हो.”

“जमिनीच्या केसमध्ये आमच्या चुलत्याने असंच केलं होतं,” ते म्हणाले. “नोटीस आम्हाला पोचूच दिली नाही.” मग हे कुठे छापलंय ते विचारलं. फेरिश्त्याचं मराठी भाषांतर झालेलं आहे, ते मी सांगितलं. पुस्तक जाड आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

गेल्या ऑगस्टमध्ये मजकूर पुन्हा आला, शेवटच्या ओळीसकट. मी काही लिहायच्या आत खाली काकांचं नाव दिसलं. त्यांनी एवढंच टाइप केलं होतं, ‘हे कोणी लिहिलं आहे’. प्रश्नचिन्हही नव्हतं. कोणी उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन पडला आणि सगळे शुभेच्छा द्यायला लागले.